सिडकोतली मागची खोली : एका घराच्या कर्जाची आणि अडगळीची हकीकत

जून २०२३. आमच्या नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या गल्लीतलं एक जोडपं संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आलं. मी नाशिकमधल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षं काम करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे "मावशी, जरा एवढं बघून द्या" म्हणत कोणी ना कोणी येतच असतं. यांचं काम साधं होतं. घर लहान पडतं, म्हणून वर एक खोली, जिना आणि संडास-बाथरूम काढायचं होतं. कंत्राटदाराने साडेसहा लाखांचा अंदाज दिला होता. घर तारण ठेवून तेवढं कर्ज मिळेल का, कोणते कागद लागतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

कर्ज मिळालं असतं. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ८,७७० रुपये आणि एकूण फेड साडेदहा लाखांच्या घरात. मी तो आकडा लिहून दिला आणि सवयीने विचारलं, "सध्या काय काय चालू आहे?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "असेल तीन-साडेतीन लाख." ती म्हणाली, "चार धरा."

हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. रकमा मात्र त्यांच्या वहीत आहेत तशाच ठेवल्या आहेत.

घरात पाच माणसं. तो अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. हातात ३६,००० पडतात, रविवारचा ओव्हरटाइम धरला तर ४२,०००. ती एका बालवाडीत शिकवते, तिचे ९,०००. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत आणि एकाहत्तर वर्षांच्या आजी. घर सासऱ्यांनी घेतलेलं, त्यावर कर्ज नाही. ही मोठीच जमेची बाजू, पण वर्षानुवर्षं घर आपलं असलं की ती कुणाला दिसेनाशी होते.

सगळ्यात आधी मी त्यांना क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढायला लावला. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यात एक जुनं मोबाइलचं कर्ज फिटूनही चालू दिसत होतं. ते तक्रार करून नीट करून घेतलं. मग रिपोर्टात न येणारी देणी विचारत गेले, कारण घराला खरा ताण बहुधा त्यांचाच असतो.

बेरीज झाली ६,४४,९००. दोन क्रेडिट कार्डं मिळून १,३८,०००. वैयक्तिक कर्ज १,८६,०००, ८,५०० रुपयांचे २६ हप्ते बाकी. स्कूटरचे ४१,०००, पंधरा हप्ते. फ्रिज, फोन आणि मुलीचा लॅपटॉप मिळून ४६,९००. आजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी २०२१मध्ये गहाण ठेवलेलं सोनं, १,६०,०००. दर वर्षी फक्त व्याज भरून ते फिरवलं जात होतं, मुद्दल जिथल्या तिथे. भिशीचे ३३,०००, कारण भिशी पहिल्याच वर्षी उचलून झाली होती आणि ३,०००चे अकरा हप्ते राहिले होते. उचललेली भिशी म्हणजे कर्जच, पण आपल्याकडे तिला कर्ज म्हणायची पद्धत नाही. शेवटचे तिच्या भावाकडून घेतलेले हातउसने ४०,०००. ते तिने सगळ्यात शेवटी आणि खाली मान घालून सांगितले.

महिन्याला यापायी २९,३०० जात होते. हातात येणारे ५१,०००. उरलेल्या २१,७००मध्ये पाच माणसांचं जेवण, क्लास, वीजबिल, आजींची औषधं. ते पुरत नव्हतंच. म्हणून दर महिन्याला पाच-साडेपाच हजारांचा किराणा कार्डावर जायचा.

इथे थांबून कार्डाचं गणित सांगते, कारण चांगली शिकलेली माणसंही यात फसतात. १,३८,००० थकबाकीवर किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे ६,९००. तो ती इमानाने भरायचा आणि "कार्ड नियमित आहे" म्हणायचा. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं ४,८३०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८६९. म्हणजे ६,९००पैकी ५,६९९ तिथेच गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त १,२०१ने. त्याच महिन्यात साडेपाच हजारांचा किराणा वर चढला. शिवाय मागचं बिल पूर्ण फेडलेलं नसलं की बिनव्याजी दिवसांची सवलत बंद होते, नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. जानेवारीत खाल्लेल्या तूरडाळीचं व्याज हे घर जूनमध्ये भरत होतं. हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, मी तर वेळेवर भरतो." खरंच वेळेवर भरत होता. त्याचा प्रामाणिकपणा मला लागला, म्हणूनच मी या कामात पुढे पडले.

मागची खोली

वरच्या खोलीचं खरंच किती नडलं आहे ते बघावं म्हणून मी रविवारी त्यांच्या घरी गेले. पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर, बाजूला एक खोली आणि मागे दहा बाय नऊची आणखी एक. मागच्या खोलीचं दार वीतभरच उघडलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना सोफा दारालाच टेकलेला होता. "गावाकडे न्यायचाय," असं सहा वर्षं चाललं होतं. त्यामागे ट्रेडमिल, त्यावर वाळत घातलेले कपडे. दोन कूलर, तळाला गंजलेले. मुलांच्या लहानपणच्या सायकली, खोक्यातला जुना टीव्ही, माळ्यावर पिंपं आणि पितळेची भांडी.

आणि आजी? गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आजी हॉलमध्ये दिवाणावर झोपत होत्या. टीव्ही अकराला बंद झाला की त्यांची रात्र सुरू व्हायची. पहाटे साडेपाचला पहिल्या शिफ्टची तयारी लागली की ती संपायची.

मी एवढंच म्हटलं, "वर खोली बांधण्याआधी ही खोली वापरून बघू या का?" तो थोडा रागावला. "मावशी, ह्यातलं सगळं पैशाचं आहे." माझ्या मनात तोच मुद्दा होता.

मुलीने जुन्या वहीची कोरी पानं फाडून शिवली आणि रकाने आखले: वस्तू, कधी आली, कशी आली, शेवटची कधी वापरली. जुलैचे चार रविवार गेले. एकूण ४१७ नोंदी. "कशी आली" हा रकाना मी मुद्दाम घालायला लावला होता, त्यात रोख, हप्ता आणि आहेर असे तीनच पर्याय. हप्त्याने आलेल्या वस्तू निघाल्या २३, त्यांपैकी चौदांना वर्षभर हात लागलेला नव्हता. ट्रेडमिल ३८,०००ची, बारा हप्ते. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे ती सात आठवडे वापरली गेली. म्हणजे दहा महिने ते घर कपडे वाळत घालायच्या दांडीचा हप्ता भरत होतं. आणखी एक गोष्ट मुलीनेच शोधली: आधीची सापडली नाही म्हणून पुन्हा घेतलेल्या वस्तू ३१. एक्स्टेंशन बोर्डच चार होते. आणि जागा नाही म्हणून वैयक्तिक कर्जाच्या पैशातून घेतलेली दोन कपाटं खोलीची अर्धी भिंत अडवून उभी होती, ती सामान ठेवायलाच घेतलेली.

त्या वहीमुळे जे झालं ते माझ्या आकडेमोडीने झालं नसतं. कर्जाचा आकडा डोक्यात राहत नाही, पण दारामागचा सोफा रोज पायाला लागतो. नवरा-बायको वही वाचताना कोणी कोणाला बोल लावला नाही. बहुतेक वस्तू दोघांनी मिळून, कुठल्या तरी चांगल्या हेतूनेच घेतलेल्या होत्या.

भंगारवाला आला त्या सकाळचं सांगते.  आमच्याकडे छोटे भंगारवाले टेम्पो घेऊन दारात येतात. पितळ काढलं तेव्हा आजी काठी टेकत बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. दोन हंडे, एक परात, एक घागर. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली नावं आणि तारखा. घागर त्यांच्या वडिलांनी १९७१मध्ये लग्नात दिलेली. त्यांनी पदराने अक्षरं पुसली, नीट दिसेनात म्हणून नातवाकडून चिंच मागवली, पायरीवर बसूनच घासली. वडिलांचं नाव वर आलं तशी घागर मांडीवर घेतली आणि हंडे स्वतःच पुढे सरकवले. "आता एवढं पाणी कोण भरतं? वजन मात्र नीट कर रे बाबा." सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं, आजींच्या नव्हतं. आजींना काय द्यायचं आणि काय ठेवायचं, हे आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर कळलं होतं.

कपड्यांची दोन गाठोडी बोहारणीला द्यायची ठरली, तिथे मात्र मी अडवलं. बोहारीण कपड्यांच्या बदल्यात भांडी देते आणि आपण घर रिकामं करायला निघालो होतो. चांगले कपडे ओळखीच्या घरांत गेले, जुन्या सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवून घेतल्या.

सगळं विकून हाती आले २९,०००. ट्रेडमिलचे ९,५००, सोफ्याचे ६,०००, पितळ-स्टीलचे ७,४००, बाकी सायकली, कूलर वगैरे. मूळ किमती आठवून बेरीज केली तर ती पावणेदोन लाखांच्या आसपास जात होती. अडगळ विकून कर्ज फिटतं असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. साडेसहा लाखांपुढे २९,००० म्हणजे शेकडा पाचही नाहीत. मोठी बचत झाली ती वरच्या खोलीच्या साडेसहा लाखांची. आजींचा पलंग मागच्या खोलीत खिडकीशी लागला. कंत्राटदाराला नकार कळवला.

आधी कोणाचं द्यायचं

२९,००० हातात आल्यावर आमचा मतभेद झाला. मी म्हणत होते, कार्डात भरा, सगळ्यात महाग देणं तेच. ती म्हणाली, भावाचे द्यायचे. मी म्हटलं, "अगं, त्याला व्याज नाही." तेव्हा ती पहिल्यांदा ठामपणे बोलली. भाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. त्याने एप्रिल २०२२मध्ये बाग खाली झाल्यावर आलेल्या पैशांतून ४०,००० दिले होते. पुढच्या ऑक्टोबर छाटणीला औषधं आणि मजुरीला पैसे कमी पडले, तेव्हा त्याने दुकानातून उधारीवर औषधं उचलली. "व्याज मी देत नाही मावशी, तो देतो." मागच्या वर्षी ती राखीला माहेरी गेली नव्हती.

मी एकतीस वर्षं व्याजदर बघितले, पण ही ओळ माझ्या कागदावर कधी आली नव्हती. हिशेब करून तिला सांगितलं, की भावाला आधी दिलेस तर कार्डं फेडायला तेवढं कर्ज जास्त काढावं लागेल आणि चार वर्षांत साधारण सात हजार व्याज जास्त जाईल. ती म्हणाली, चालेल. राखीला तिने २९,००० नेऊन दिले. उरलेले ११,००० दिवाळीच्या बोनसमधून, भाऊबीजेला. मला आज विचाराल तर तिचा निर्णय बरोबर होता.

कार्डांसाठी वाट वेगळी होती आणि ती त्याच्या खिशातच होती. कारखान्यातल्या कामगारांच्या पतसंस्थेचा तो बारा वर्षं सभासद, ११ टक्क्यांनी कर्ज मिळत होतं. मग ४२ टक्क्यांचं कार्ड का वापरत होता? कारण पतसंस्थेत जामीनदार दोन लागतात आणि संचालक मंडळात त्याच्याच शिफ्टची माणसं. लाज वाटायची. कार्ड कोणाला काही विचारत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. त्या न विचारण्याचे वर्षाला एकतीस टक्के तो जास्त मोजत होता. शेवटी ऑगस्टमध्ये त्याने दोघा सहकाऱ्यांना जामीन राहायला विचारलं. दोघेही हो म्हणाले आणि त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "तुझं पण कार्ड तुंबलंय का?"

१,४०,००० घेतले, ४८ हप्ते, ३,६२०चा हप्ता पगारातूनच कापला जातो. दोन्ही कार्डं पूर्ण भरली. एका बँकेचा माणूस फोनवर म्हणाला, "सेटलमेंट करा, रक्कम कमी करून देतो." ते करू दिलं नाही. रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा लागला की पुढची बरीच वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं, 'क्लोज्ड' लिहून घेणंच चांगलं. कार्डं बंद करून बाकी काही नसल्याचं पत्र मागून घेतलं.

पुढचे तीन महिने अवघड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. हप्ते २९,३००वरून २६,०२० झाले, पण किराण्याला कार्ड उरलं नव्हतं. पूर्वी रोख आणि कार्ड मिळून घराला २७,२०० खर्चायला मिळत होते, आता २४,९८०. सव्वादोन हजारांची खरी काटछाट करावी लागली. पवननगरच्या बाजारातून आठवड्याची भाजी एकदाच, महिन्याचा किराणा यादी करून एकदाच, हॉटेल बंद. मुलाने चिडचिड केली. एकदा ती माझ्याकडे येऊन नुसती बसून राहिली, काही बोलली नाही. चहा घेतला आणि गेली.

त्यानंतर हप्ते संपत गेले. फ्रिजचा नोव्हेंबरमध्ये, फोनचा फेब्रुवारीत, लॅपटॉपचा मार्चमध्ये, भिशी मे २०२४मध्ये, स्कूटर सप्टेंबरमध्ये. ठरलं होतं की जो हप्ता संपेल ती रक्कम तशीच सोन्याच्या मुद्दलात भरायची. वैयक्तिक कर्ज १६ टक्क्यांचं, सोनं १२ टक्क्यांचं, मग आधी सोनं का, असं कोणी विचारेल. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर ४ टक्के शुल्क आणि वर जीएसटी होता, सोन्यात मात्र हजार-दोन हजार केव्हाही भरता येत होते. शिवाय सोनं थकलं तर लिलावात जातं. मी सुरुवातीला एक पाटली विकून मोकळं व्हा असं सुचवलं होतं. तिने ऐकलं नाही. जून २०२३मध्ये दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास असलेला भाव दोन वर्षांत नव्वद हजारांच्या पुढे गेला, त्यामुळे तिचा हट्ट फायद्याचा ठरला. पण भाव वाढणार हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही, म्हणून सोनं न विकण्याचा सल्ला यातून सरसकट काढू नये.

मध्येच मे २०२४मध्ये पाय घसरला. भाच्याचं लग्न, आहेर भारी करायचा म्हणून त्याने घरात न सांगता फोनवरच्या एका ॲपवरून १५,०००चं कर्ज घेतलं. हातात आले १३,६००, बाकी शुल्कात गेले. तिला मेसेज दिसला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे तेव्हा अशा कर्जात सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येत होतं. पण ते मला कळलं तोवर मुदत उलटली होती. जून-जुलैचे सोन्याचे पैसे त्यात गेले. मी त्याला रागावले नाही. लग्नात रिकाम्या हाताने उभं राहणं किती जड जातं, ते मला माहीत आहे. त्यानंतर वहीत एक पान वाढलं, 'येणारी लग्नं', आणि दर महिन्याला त्यासाठी ५०० बाजूला.

मे २०२५च्या अखेरीस सोनं सुटलं. वटपौर्णिमेला ती पाटल्या घालून वडाला गेली तेव्हा वाटेत माझ्या दारात थांबली, हात पुढे करून दाखवले. त्याच महिन्यापासून त्याने रविवारचा ओव्हरटाइम सोडला. ऑगस्टमध्ये वैयक्तिक कर्ज संपलं.

आज, डिसेंबर २०२५मध्ये, त्यांच्यावर पतसंस्थेचे साधारण ६६,००० आहेत, वीस हप्ते. बोनसमधून ते लवकर फेडावेत असं त्याचं मत, मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बँकेतली रिकरिंग ठेव चालू ठेवावी असं तिचं. या वेळी मी मत दिलेलं नाही. पोटमाळा अजून भरलेलाच आहे, पितळ काढल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. मागच्या खोलीत पलंग, खुर्ची, औषधांचं छोटं कपाट आणि कोपऱ्यात १९७१ची घागर आहे. सकाळी घंटागाडी गल्लीत वळली की आजींना खिडकीतून ती सगळ्यात आधी ऐकू येते आणि त्या आतूनच हाक मारतात, "अगं, गाडी आली, डबा बाहेर ठेव."